आक्कांच्या खोलीतला गालिचा

‘यापेक्षा जाड नाही का?’ भूपाल मगदूमांनी विचारलं आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा पुन्हा एकदा नमुन्यावर टाकला.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात तेव्हा धड टेबलही नव्हतं. कार्पेटचे नमुने मी जमिनीवरच पसरले होते. इचलकरंजीचा हा मोठा यंत्रमागवाला, पांढऱ्या सफारीतला पन्नाशीचा माणूस, नमुन्यांसमोर उकिडवा बसून एकेका तुकड्यावर किल्ल्या टाकत होता आणि मान तिरपी करत होता. मला वाटलं, कापडाच्या धंद्यातला माणूस, विणीचा अंदाज असाच घेत असेल.

‘हा सगळ्यात जाड,’ मी म्हणाले. ‘पण खाली रबरी फोम घातला की अजून मऊ होईल. वर दोन-तीन सुटे रग टाकू. पलंगाच्या बाजूला.’

‘फोम किती जाडीचा?’

‘साधारण सहा मिलिमीटरचा घालतात.’

‘बाराचा घाला. आणि रंग गडद पाहिजे. डाग दिसला न्हाई पाहिजे. आजारी माणसाची खोली हाय.’

मी नेव्ही ब्लूचा तुकडा पुढे सरकवला. त्यांनी त्याच्यावर किल्ल्या टाकल्या, आणि पहिल्यांदाच हसले. ‘हा द्या.’

खोली त्यांच्या आईची होती. सगळे त्यांना आक्का म्हणत. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ‘बापानं मागं काय ठेवलं होतं? पत्र्याच्या शेडात चार माग,’ मगदूम म्हणाले. ‘त्याचे चाळीस आक्कांनी केले. पहाटे उठून स्वतः बॉबिनं भरायच्या. आता चार दिवस चांगल्यात राहू देत की, मॅडम.’ बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटे नव्हते, असं मला आजही वाटतं.

मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याहून इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा करून आल्याला दोन वर्षं झाली होती आणि एक दंतवैद्य आणि एक साडीचं दुकान एवढीच माझी कमाई होती. आजाऱ्याच्या खोलीत कार्पेट घालू नये, हे मला कोर्समध्येच शिकवलं होतं. धूळ धरतं, ओल धरतं, वास धरतं. मी ते त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, ‘बघू की.’ मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मापं घ्यायला गेले तेव्हा मगदूमांच्या पत्नी, सुनंदावहिनी, मला वर घेऊन गेल्या. बंगल्याच्या मागे हाकेच्या अंतरावर त्यांचं शेड होतं आणि मागांची खडखड भिंतीतून घरात येत होती. घरातल्या कुणाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. खाली मोठा हॉल, आणि हॉलच्या बरोबर डोक्यावर आक्कांची खोली.

दार उघडल्याबरोबर वास आला. फिनेल, टाल्कम पावडर, आणि त्या दोन्हींच्या खालून वर येणारा जुन्या मुताचा उग्र दर्प. मी रुमाल काढला आणि शिंक आल्यासारखं केलं. सुनंदावहिनींना ते कळलं असावं. ‘कामाची बाई, हौसा, सकाळी पुसून काढती,’ त्या म्हणाल्या. ‘पण किती म्हणून पुसणार?’

आक्का पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. हाडापेरानं थोराड बाई, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. डाव्या हातात काठी होती, खाली लोखंडी टोपण असलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी एकदा फरशीवर आपटली. ठक्.

‘असू दे आक्का, पाहुण्या आल्यात,’ सुनंदावहिनी म्हणाल्या.

मी मापं घेतली. पलंगाच्या डाव्या बाजूला चार-पाच फरश्यांचे टवके उडाले होते. सुनंदावहिनी म्हणाल्या, कपाट ओढताना झालं. पलंगामागच्या भिंतीत विजेच्या बटणाची रिकामी डबी होती आणि तिच्यातून दोन वायरी लोंबत होत्या.

‘इथे काय होतं?’

‘घंटी बसवली होती. दिवसभर वाजवायच्या. काढून टाकली.’

‘मी चांगली बसवून देऊ का? हळू आवाजाची?’

‘नको. त्यांना आता काय कळत न्हाई.’

मी नेव्ही ब्लूचा तुकडा आक्कांच्या मांडीवर ठेवला, मुलाला खेळणं दाखवावं तसा. त्यांनी तो डाव्या हातानं उलटा केला, पाठीची वीण अंगठ्यानं चाचपली, दोन बोटांत धरून जाडी पाहिली. ज्याला काही कळत नाही त्याचे हे हात नव्हते. मग त्यांनी तो तुकडा पलंगाखाली टाकून दिला. मला वाईट वाटलं. मला वाटलं, त्यांना रंग आवडला नाही.

काम गुरुवारी सुरू झालं. रविवारी मगदूमांच्या मुलाचं, सन्मतीचं, घर बघायला सांगलीहून मुलीकडची माणसं येणार होती. त्याच्या आत सगळं व्हायला हवं होतं. कार्पेट बसवायला मी सिकंदरभाई मुजावरांना नेलं होतं. साठीचा माणूस, कोल्हापुरात त्यांच्या हातासारखा हात नव्हता. भिंतीच्या कडेनं त्यांनी खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या, फोम पसरला. आक्कांना पलंगासकट एका बाजूला ओढून अर्धी खोली करायची, मग पलंग तयार बाजूला आणून उरलेली अर्धी, असं ठरलं होतं.

शुक्रवारी दुपारी अर्धी खोली झाली. गडद निळं कार्पेट भिंतीपासून पलंगापर्यंत पाण्यासारखं पसरलं होतं, आणि मला मनापासून आनंद झाला होता. आम्ही पलंग त्याच्यावर आणला. आक्कांनी खाली पाहिलं. मग काठी लांबवून त्यांनी पलीकडच्या उघड्या फरशीवर टोकली. ठक्. काठी अलीकडे आणून कार्पेटवर टोकली. पुन्हा फरशीवर. ठक्. पुन्हा कार्पेटवर. मग त्यांनी सिकंदरभाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्यावरून नजर काढून माझ्याकडे.

सिकंदरभाईंनी कटर खाली ठेवला. ‘ताई, जरा भाईर या.’

आम्ही गॅलरीत गेलो.

‘हे काम बरोबर न्हाई,’ ते म्हणाले. ‘निदान फोम तरी काढूया.’

‘का? फोम चांगला आहे.’

‘त्या म्हातारीला इचारा.’

‘त्यांना बोलता येत नाही, सिकंदरभाई.’

‘तेच म्हणतोय मी.’

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले आहे. खरं म्हणजे कळायला एक पाऊल उरलं होतं आणि ते मी टाकलं नाही. ‘रविवारी पाहुणे येणार आहेत,’ मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. ‘मालकांनी बारा एमएमचा सांगितलाय, आपण तो घालायचा. आपल्याला काय करायचंय बाकीचं?’

‘बरं,’ ते म्हणाले. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी काम पुरं केलं. त्या घरचा चहा मात्र त्यांनी त्यानंतर घेतला नाही.

रविवारी मलाही आग्रहानं बोलावलं होतं. मी ठेवणीतली साडी नेसून, खोलीचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन गेले. मुलीचे आईवडील, मामा, एक आत्या, असे सहा-सात जण होते. मगदूमांनी सगळ्यांना वर नेलं.

खोली सुंदर दिसत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. निळं कार्पेट, पलंगाच्या दोन्ही बाजूंना मलईच्या रंगाचे जाड लोकरी रग, खिडकीला फिकट पडदे, उदबत्तीचा वास. आक्कांना नवी इरकल नेसवली होती. मगदूम पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि आईचे पाय चेपू लागले. ‘गार फरशी लागू नये म्हणून केलं,’ ते म्हणाले. ‘या पायांनी आमच्यासाठी लई चाललंय.’

मुलीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. ‘आजकाल कोण करतंय ओ आईचं एवढं!’

‘ही सगळी आमच्या मॅडमची करामत,’ मगदूम म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. आक्काही बघत होत्या. मी हसून नमस्कार केला.

मग सगळे खाली उतरले. शिरा, भजी, पेढे आले. हौसालाही वाढायला खाली बोलावलं. हॉलमध्ये गप्पा रंगल्या, सन्मती लाजत लाजत मुलीच्या मामाशी बोलत होता. पाऊण एक तासानं, उजेड आहे तोवर फोटो काढावेत म्हणून मी एकटीच वर गेले.

दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबले. आक्का काठी आपटत होत्या. खांद्यापासून हात उचलून, सगळ्या ताकदीनं, एकसारख्या. काठी वर जायची, खाली यायची, रगमध्ये रुतायची, पुन्हा वर जायची. आवाज नव्हता. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, धापा टाकणाऱ्या जनावरासारखा. तोंडातून लाळ गळून पदरावर आली होती. तळव्याची कातडी सोलून काठीच्या मुठीवर रक्त लागलं होतं. पाऊण तास झाला असेल, मी खाली भजी खात होते तेव्हापासूनचं हे.

मी धावत पुढे गेले, आणि माझा अनवाणी पाय रगवर पडला तसं फोमनं चुळकन ओल वर सोडली. कोमट ओल, बोटांच्या फटींतून वर आलेली. इरकल कमरेपासून खाली भिजली होती, गादीतून झिरपून सगळं खाली उतरलं होतं, आणि त्याच्यात नुसतं पाणी नव्हतं. मलईच्या रंगाच्या रगवर पिवळट तपकिरी थारोळं होतं. त्याच्या पलीकडे, कार्पेटवर, काहीच दिसत नव्हतं. गडद निळं जसंच्या तसं. वास मात्र घशात बसत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. ‘वहिनी, आक्का केव्हाच्या बोलावताहेत. सगळ्या भिजल्यात, घाण झालीय.’

‘हळू बोला की!’ सुनंदावहिनी दाराकडे बघत म्हणाल्या. ‘हौसा वाढतीया. पाहुणे गेले की जाईल.’

‘पण त्यांचा हात…’

‘मॅडम, तुम्ही चार दिस आलाय. मी तीन वर्षं काढल्यात.’ त्यांचा आवाज एकाएकी थकून गेला. ‘पाणी दिलं तरी ठक ठक, पुसलं तरी ठक ठक. झोपेत दचकून उठती मी. माझं डोकं कामातनं गेलंय.’

तेवढ्यात मगदूम पेढ्यांचा बॉक्स न्यायला आत आले. चेहरा फुलला होता. ‘मॅडम, काम एक नंबर बरं का! तीन वर्षांत पहिल्यांदा या हॉलात माणसागत बोलणं झालं. न्हाईतर पाहुणे टेकले की वरनं सुरूच. आज हाय का आवाज? मी मघाशी मुद्दाम दारातनं बघून आलो. चालूच होतं त्यांचं, पण खाली काही म्हणजे काही न्हाई!’

ते हसले आणि त्यांनी बॉक्समधला एक पेढा माझ्या हातावर ठेवला. ‘घ्या. तुमच्या कामाचा.’

बघून आलो, म्हणाले. त्यांनी दारातून पाहिलं होतं, आणि जिना उतरून ते मामांना भजी वाढायला गेले होते. मी त्या माणसाच्या गुळगुळीत दाढी केलेल्या गालाकडे, सफारीच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले, आणि मला त्याच्या अंगाचा, त्याच्या घराचा, हातातल्या पेढ्याचा वरच्या खोलीपेक्षाही घाण वास यायला लागला. तो पेढा मी मोरीत टाकला आणि वर गेले.

बादली, टॉवेल हौसाच्या मोरीत होते. मी आक्कांना पुसलं, जमेल तशी साडी सोडली, कपाटातली सुती काढून गुंडाळली. मला त्यातलं काही येत नव्हतं. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर टाकून मला मदत केली. कण्याच्या शेवटाला रुपयाएवढ्या दोन जखमा होत्या, उघड्या. मग मी पर्समधला कटर काढला, तो घाणेरडा रग ओढून भिंतीकडे फेकला, आणि पलंगाच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून कार्पेट कापायला बसले. कार्पेट फाटलं, फोम चिवट होता. पाटाएवढा चौकोन निघाला तेव्हा खालच्या टवके उडालेल्या फरश्या ओल्या होत्या. मी त्या पदरानं पुसल्या.

आक्का सगळं पाहत होत्या. मी बाजूला झाले.

ठक्.

खालच्या गप्पा थांबल्या. जिन्यातून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मुलीच्या आईचा आवाज आला, ‘वर काय ओ?’

‘सुतार हाय,’ सुनंदावहिनी म्हणाल्या. ‘पडद्याच्या दांड्या राहिल्यात बसवायच्या. ह्या लोकांना रविवार न्हाई, काय न्हाई.’

कुणीतरी हसलं. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. ठक्. ठक्. ठक्.

मगदूम वर आले. दार त्यांनी आतून लावून घेतलं. फरशीचा चौकोन पाहिला, मला पाहिलं. ओरडले नाहीत.

‘हे काय केलंत?’

‘त्यांना कुणालातरी बोलावता आलं पाहिजे, मगदूमसाहेब.’

ते पलंगापाशी वाकले. ‘आक्का,’ ते हळुवार म्हणाले, ‘द्या बघू इकडं.’ लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तशी एकेक बोट सोडवत त्यांनी काठी काढून घेतली आणि हात उंच करून कपाटावर ठेवून दिली. आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. ‘पाहुणे गेले की देतो हां.’ मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, ‘तो तुकडा परत चिकटवता येईल न्हवं?’

आक्का मुलाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा सोललेला तळवा चादरीवर उघडा पडला होता. कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. शेजारी स्टूल होतं. मगदूम मध्ये उभे होते, पण तो काही मला हात लावणारा माणूस नव्हता.

मी कटर मिटला. कॅमेरा उचलला आणि खाली उतरले.

हॉलमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनंदावहिनी शिऱ्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. मुलीच्या आईनं अगत्यानं विचारलं, ‘झालं का ओ काम?’

‘झालं,’ मी म्हणाले.

वैशाखात सन्मतीचं लग्न झालं. मला पत्रिका आली, मी गेले नाही. त्या पाहुण्यांपैकी दोघांनी नंतर सांगलीत मला कामं दिली. ती मी केली.

श्रावणात आम्ही सांगलीतल्या त्या दुसऱ्या घरी बसवणीचं काम करत होतो. दुपारी सिकंदरभाई पायरीवर डबा सोडून बसले होते. ते म्हणाले, ‘मगदूमांची म्हातारी गेली. परवा. घरचे सगळे देवदर्शनाला गेलते म्हणं, हौसा सकाळी आली तवा समजलं.’

मला तोपर्यंत ते कुणाला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. रग, फोम, पेढा, कापलेला चौकोन, वहिनींनी सांगितलेला सुतार, कपाटावरची काठी. ते जेवायचे थांबले होते. चौकोन कापल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, बरं केलंत अशी. मला बरं वाटलं.

‘आणि खाली पाहुण्यांना काय सांगितलासा?’ त्यांनी विचारलं.

‘त्यांनी विचारलं, काम झालं का.’

‘मग?’

‘मी म्हणाले, झालं.’

सिकंदरभाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. उठले, गटारीच्या कडेला गेले आणि थुंकले. तिथंच पाठमोरे उभे राहून त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, पुन्हा भरली. मग डब्याचं झाकण लावून ते आत गेले आणि उरलेलं कार्पेट बसवायला लागले. त्या घरचं काम त्यांनी शब्दाला जागून पुरं केलं. माझ्याबरोबरचं त्यांचं ते शेवटचं काम.